कहा-सुना माफ, पण फोनचं नाही

सकीनाआपा, तुम्ही गेल्याची बातमी मला फोनवरच कळली. मोहल्ल्याच्या ग्रुपवर, कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाच्या फोटोखाली. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मीही बोटाने तसंच एक चित्र शोधायला लागलो होतो. मग फोन खिशात टाकला आणि पळत तुमच्या गल्लीत आलो. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतंत, "ह्यांच्यातलं कोण उठून दारापर्यंत आलं?"

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाचे संपादक म्हणाले, आपांवर तूच लिही. जन्म, शिक्षण, नोकरी, कार्य, असं सगळं येऊ दे. मी त्यांना सांगितलं की ते आपा शिकवायच्या त्या शाळेच्या दप्तरात मिळेल, तिथून आणा. मला स्मृतिलेख लिहिता येत नाहीत. मला पर्चे लिहिता येतात, म्हणजे चळवळीची पत्रकं. पर्च्यात एक बाजू बरोबर असते आणि दुसरी चूक. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तुम्ही मध्येच उठून गेलात. ते मला पुरं करायचंय, एवढंच.

मी गणिताच्या शिकवणीला म्हणून तुमच्याकडे यायला लागलो आणि तुम्ही आधी माझी मराठीच दुरुस्त करायला घेतलीत. देवासच्या हिंदी शाळेत शिकलेला मराठी मुलगा मी. "आपा, मी लेट झालो कारण की सायकल पंक्चर होऊन गेली होती," असं बोलायचो. तुम्ही म्हणालात, "अरे, हे मराठी आहे की हिंदीला लावलेली शेपटी?" तुमचे वडील धारला मराठी घरांतलं शिवणकाम करायचे आणि तुम्ही त्यांच्याबरोबर त्या घरांमध्ये वाढलात. म्हणून तुमच्या तोंडी न्हाणी होती, पडवी होती, लुगडं होतं. आमच्या घरातून हे शब्द कधीच निघून गेले होते. एका मुसलमान बाईकडून मराठी शिकतो म्हणून मित्र हसायचे. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्हीही हसलात, त्यांच्यापेक्षा मोठ्याने.

तुमच्या खोलीत पंखा होता, दिवा होता. फोन नव्हता, टीव्ही नव्हता. लोकांना वाटायचं की आपा जुन्या वळणाच्या, यंत्राला घाबरतात. खोटं. शिवणयंत्र बिघडलं तर ते उघडून पुन्हा जुळवणारी बाई यंत्राला काय घाबरणार. मी एकदा चिडून विचारलं होतं की पंखा चालतो तर फोनने काय घोडं मारलंय. तुम्ही म्हणालात, "पंखा वारा देतो. माझ्या वतीने कुणाशी बोलत नाही."

तुमचा सगळा धर्म मला त्या एका वाक्यात दिसायचा. नमाज, रोजे हे तुमचं आणि तुमच्या अल्लाहचं. त्यात तुम्ही मला कधी ओढलं नाहीत. पण अख़लाक, म्हणजे माणसाने माणसाशी कसं वागावं, ह्यावर तुम्ही हटून बसायचात. अल्लाहचं जे देणं लागतो ते अल्लाह माफ करू शकतो. माणसाचं मन दुखावलं असेल तर ते त्या माणसानेच माफ करायला हवं, मध्ये कुणी नाही. हे तुम्ही मला वहीवर चहाचा डाग पाडत समजावलं होतंत. आणि नुसतं समजावून थांबला नव्हतात. दरवर्षी शब-ए-बारात, म्हणजे माफीची रात्र, जवळ आली की काळी छत्री घेऊन निघायचात, दारोदार. "कहा-सुना माफ करना." काही बोलले असेन, ऐकवलं असेल, तर माफ करा.

आमच्याही दारी यायचात. बाबा गडबडून जायचे. "आपा, तुम्ही कसली माफी मागता, आत या, चहा घ्या." तुम्ही आत यायचा नाहीत. आधी कारण सांगायचात. नुसतं माफ करा म्हणायचं नाही, कशाबद्दल तेही उच्चारायचं. आईला एकदा म्हणालात, "तुमच्या पुरणपोळीला मी रुख़सानापाशी नावं ठेवली. कोरडी होती म्हणाले." आईचं तोंड पडलं. मग ती इतकी हसली की चहा उतू गेला. "होतीच कोरडी," ती म्हणाली. तेव्हा कुठे तुम्ही चप्पल काढलीत.

अलीकडे हे काम फोनवर व्हायला लागलं. शेजारच्या रुख़सानाने तुम्हाला दाखवलं होतं, एकच निरोप सगळ्यांना: मुझसे कोई ग़लती हुई हो तो माफ़ करना. एका बोटात सगळा मोहल्ला आटोपला. तुम्ही तो दोनदा वाचून घेतलात आणि विचारलंत, "ह्याच्यात ग़लती कुठं लिहिलीय?" रुख़साना म्हणाली, "आपा, आप भी ना." आणि त्या वर्षी तुमचे गुडघे सुजलेले असताना तुम्ही तरीही छत्री घेऊन निघालात. नेमावरला राहणाऱ्या मैत्रिणीकडे तर बसने गेलात, न कळवता. घराला कुलूप. ओट्यावर तासभर बसून परत आलात. मी वैतागलो होतो, एक फोन केला असता तर हेलपाटा वाचला असता. तुम्ही म्हणालात की तिला शेजारणीकडून कळेल, मी येऊन गेले होते. ते कळणंच मला हवं होतं, म्हणालात.

इथून आपलं भांडण सुरू होतं, आपा. नीट लिहितो, म्हणजे मला कुणी म्हणायला नको की मेलेल्या माणसाशी एकतर्फी भांडतो.

आमच्या वॉर्डातल्या कंट्रोलच्या दुकानात, म्हणजे राशनच्या, म्हाताऱ्या माणसांचे अंगठे यंत्राला लागेनासे झाले. जन्मभर भांडी घासून, शिलाई करून ज्यांच्या बोटांच्या रेघा गेल्या, त्यांचे. अंगठा लागला नाही की यंत्र फोनवर आलेला नंबर मागतं. ज्याच्याकडे फोन नाही तो परत. दुकानवाला गुड्डू भिया (इकडे भैयाला भिया म्हणतात) मान वर न करता म्हणायचा, "सर्वर नहीं है, अगले हफ्ते आना." त्या रांगेत तुम्हीही होतात. मी पेटून उठलो. राशनसाठी लढणाऱ्या आमच्या समितीसाठी पर्चा लिहिला: फोन ठेवण्याची सक्ती कुणावरही करता येणार नाही, गहू माणसाला मिळतो, मोबाइलला नाही. खाली ठळक अक्षरांत गुड्डूचं नाव आणि पुढे चोर.

तुम्ही वाचलात. पहिला भाग आवडला. बोट त्या शब्दावर ठेवलंत. "हे त्याला सांगितलंस?"

मी म्हणालो, पर्चा त्यालाही मिळेलच.

"तसं नाही. त्याच्या दारी जाऊन, त्याच्या तोंडावर."

मग तुम्ही गीबतीवर आलात. पाठीमागे खरं बोललं तर ती गीबत आणि खोटं बोललं तर बोहतान, तोहमत. दोन्हीकडून तू अडकलास, असं तुम्ही म्हणालात. मी तयारी करून आलो होतो. मशिदीतल्या हाफ़िज़साहेबांना आधीच विचारून घेतलं होतं. तुम्हाला सांगितलं की जुलूम करणाऱ्याविरुद्धची तक्रार ही गीबत होत नाही, तुमच्याच धर्मात लिहिलंय. तुमचे डोळे चमकले. विद्यार्थ्याने गणित वेगळ्या रीतीने सोडवलं की चमकायचे तसे. पण तुम्ही सोडलं नाहीत. "बरोबर. पण तक्रार कुणाकडे? ज्याला न्याय देता येतो त्याच्याकडे. तुझा पर्चा जातो पोहे-जलेबीच्या ठेल्यावर, हात पुसायला."

मला फार लागलं ते. मी सरळ दुसरीकडे घाव घातला. म्हणालो, आपा, तुम्ही आधी एक फोन घ्या. साधा, बटणांचा. नंबर आला की गहू मिळेल, रात्री-अपरात्री काही झालं तर कुणाला तरी बोलावता येईल.

तुम्ही शांतपणे पर्चा उलटा करून माझ्यासमोर धरलात. "फोनची सक्ती कुणावरही करता येणार नाही. हे तूच लिहिलंस ना, परचेवाल्या?"

रुख़साना दारात उभी राहून खिदळत होती. मला आजही ते आठवलं की कान तापतात. सरकारने सक्ती करणं वेगळं आणि आपल्या माणसाने काळजीने सांगणं वेगळं. हा फरक मी तुम्हाला तेव्हा सांगू शकलो नाही. आता सांगतो. तुम्ही उत्तर देऊ शकत नाही, हा तुमचा दोष.

ह्या वर्षीच्या शब-ए-बारातीआधी तुम्ही आमच्या दारी आलात. मी एकटाच होतो घरी. छत्री टेकवून म्हणालात की तुझ्या पर्च्याला मी हात पुसायचा कागद म्हणाले, ते तुझ्या मेहनतीला लागलं असेल. कहा-सुना माफ कर. मी दार अडवून उभा राहिलो. म्हणालो, नाही करत. फोन घ्या, मग करतो. थट्टा नव्हती ती, मी सौदा करत होतो. मला ठाऊक होतं की माफी घेतल्याशिवाय तुम्हाला झोप लागायची नाही.

तुम्ही हसलात. "बरं. परत येईन."

नाही आलात.

थोड्याच दिवसांनी एका दुपारी तुमच्या छातीत दुखायला लागलं असणार. रुख़साना इंदूरला गेली होती, गल्ली कूलरमागे दार लावून बसली होती. तुम्ही उंबऱ्यात येऊन बसलात, कुणी जाईल तर हाक मारू म्हणून. संध्याकाळच्या बसने रुख़साना परतली तेव्हा तुम्ही तिथेच होतात, चौकटीला टेकून. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे काय, आपा? म्हणजे वाचलाही असतात. बटणांचा एक फोन. एक बटण. मी समितीच्या कचेरीत होतो, सायकलने दहा मिनिटांवर. माझा राग तुम्ही गेलात म्हणून उतरेल असं तुम्हाला वाटलं असेल तर चुकलात.

दफन व्हायच्या आधी धारहून आलेले तुमचे भाऊ सगळ्यांसमोर उभे राहिले. म्हणाले, "मेरी बहन से किसी का दिल दुखा हो, तो अल्लाह के वास्ते माफ़ कर दें." माणसं म्हणाली, माफ़ किया. एक गुणगुण फिरली रांगांमधून. नमाज न पढणारे आम्ही काही जण बाजूला भिंतीपाशी उभे होतो. माझं तोंड उघडलं नाही. आणि मी बघितलं, माझ्या शेजारी गुड्डू भिया उभा होता आणि त्याचंही उघडलं नाही. मला वाटलं, बघा ह्याचा माज.

आठवडा उलटायच्या आत समितीची बैठक झाली. नितीन, जो समितीचं सगळं बघतो, त्याने नव्या पर्च्याचा मथळा आधीच ठरवला होता: फोन नाही म्हणून राशन बंद, राशन बंद म्हणून सकीनाआपांचा भूकबळी. तुमचा फोटोही कुठूनसा मिळवला होता, शाळेच्या निरोप समारंभातला. मी म्हणालो, आपा भुकेने गेल्या नाहीत. नितीन म्हणाला, "भिया, मला माहितेय. पण ह्या एका ओळीने उद्या सकाळी कलेक्टर हलेल. वॉर्डातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना गहू मिळेल. तुझी आपा आता कशाला नाही म्हणायला येणार आहे?"

मला खरं सांगू द्या. मी होकार द्यायच्या बेतात होतो. गहू मिळाला असता, आपा. आणि गुड्डूला मातीत घालायची मला घाई होती. तुमच्या मरणाचा काहीतरी उपयोग व्हावा असं वाटत होतं. फोटो छापू का, हे विचारायला म्हणून रुख़सानाकडे गेलो आणि मथळा वाचून दाखवला.

ती कणीक मळत होती. हात थांबले. "भूखी मरी?" ती म्हणाली. "दोनों वक़्त मेरे चूल्हे की रोटी खाती थी आपा. रमज़ान में इफ़्तार साथ में, ईद पे सेवइयाँ. तुम लिखोगे भूखी मरी. तो फिर मैं क्या थी, भिया?"

ह्यालाच तुम्ही बोहतान म्हणायचात. गुड्डूला मारायला उचललेला दगड आधी रुख़सानाच्या चुलीवर पडत होता. कचेरीत जाऊन मी मथळा काढायला सांगितला. नितीन म्हणाला की तू चळवळीपेक्षा एका बाईचा मान मोठा धरतोस. मी म्हणालो, दोन बायांचा. तो माझ्याशी अजून बोलत नाही.

पण गुड्डूचं नाव मी काढायला तयार नव्हतो. ते पर्च्यात राहणारच होतं. मग उरला तुमचा नियम, त्याच्या दारी जाऊन, त्याच्या तोंडावर. तुम्ही जिवंत असताना मी तो पाळला नाही. मेल्यावर तुम्ही मला जास्त छळता, आपा. शेवटी कागद घेऊन गेलो.

गुड्डू पोती रचत होता. म्हणालो, तुझ्याबद्दल लिहिलंय, छापायच्या आधी तुला वाचून दाखवतो. तो हसला, मग माझं तोंड बघून थांबला. "पढ़ ले. सुन रिया हूँ." मी वाचलं. रांग, अंगठे, सर्वर नहीं है, मान फिरवणं. चोर ह्या शब्दापाशी आलो तेव्हा माझा आवाज चढला. दुकानातली दोन माणसं बाहेर सरकली. गुड्डू पुढे आला, इतका जवळ की त्याच्या शर्टावरचा गव्हाचा भुसा दिसत होता. मला वाटलं, आता हात उचलतो.

तो म्हणाला, "तेरी आपा भी आई थी. यहीं खड़ी थी."

मला काही कळेना. त्याने सांगितलं ते असं. शब-ए-बारातीआधी तुम्ही छत्री घेऊन त्याच्या दुकानी गेलात. गहू मागायला आल्या असं समजून त्याने नेहमीचं सर्वरचं सांगितलं. तुम्ही म्हणालात, गव्हासाठी नाही आले. मी एका मुलापाशी तुला बेशरम म्हणाले. तू समोर नव्हतास. माफ कर.

तो मुलगा मी. तो शब्द तुम्ही माझ्या खोदून खोदून विचारण्यावर एकदाच उच्चारला होतात आणि लगेच ओठ मिटले होते. त्यासाठी, आपा? ज्याने तुम्हाला रांगेतून परत पाठवलं, त्याच्या दारी माफी मागायला तुम्ही सुजलेल्या गुडघ्यांनी गेलात? मला तिथल्या तिथे तुमचा इतका राग आला की समोर गुड्डू आहे हे विसरलो.

"तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"फोन पे था मैं," तो म्हणाला. "हाँ-हाँ बोल दिया. हाथ से इशारा किया कि ठीक है, जाओ. शकल भी नी देखी उनकी." आणि मग हळूच, "कब्रिस्तान में भाई ने पूछा ना. मेरे मुँह से निकला ही नी. मैं कौन होता हूँ माफ़ करने वाला."

आम्ही दोघे दोन बाजूंनी तिथेच अडकलो होतो, त्या भिंतीपाशी.

मी पर्च्यातून चोर काढला. दया म्हणून नाही. त्याने समोर उभं राहून विचारलं, चोरी करताना कधी बघितलंस? आणि मी बघितलं नव्हतं. त्याऐवजी जे बघितलं ते लिहिलं: हा दुकानदार म्हाताऱ्या माणसांकडे बघत नाही. हे त्याला चोरपेक्षा जास्त लागलं. तरी त्याने छापू दिलं. शिवाय त्याला म्हणालो, अंगठे लागत नाहीत हे तू स्वतः सरकारी कचेरीत, राशनच्या साहेबांसमोर येऊन सांग. तक्रार तिथे, जिथे न्याय होतो. तो आला. गेटापर्यंत आला, मग त्याचा फोन वाजला आणि तो नीमाखाली उभा राहून बोलतच राहिला. मी बाहेर जाऊन दंडाला धरून आत आणला. साहेबांनी ऐकलं, लिहून घेतलं, बघतो म्हणाले. वॉर्डातली रांग अजून आहे. मी अजून पर्चे लिहितो. पण रांगेत आता गुड्डू मान वर करतो आणि माणसाला नाव घेऊन सांगतो की आज नाही झालं. ह्याने पोट भरत नाही. मला माहितेय. तुम्हालाही माहीत होतं, म्हणून तर तुम्ही रुख़सानाकडे जेवायचात.

हा लेख लिहून झाला आणि माझ्या लक्षात आलं की तुमच्या हिशेबाने हाही गैरच. तुमच्याबद्दल इतकं बोललो, मूर्ख म्हणण्यापर्यंत आलो, आणि तुमचं तोंड समोर नाही. अंक छापून लोकांच्या हातात पडेल, तुमच्या पाठीमागे.

म्हणून काल उन्हं उतरल्यावर कब्रिस्तानात आलो होतो. माती अजून बसलेली नाही. फोन फाटकापाशी, राखणदाराच्या खाटेवर ठेवून आलो. तुमच्या पायथ्याशी उभं राहून सगळा लेख मोठ्याने वाचला, पहिल्या ओळीपासून. पुरणपोळीशी अडखळलो. फोनच्या ठिकाणी मुद्दाम आवाज चढवला. राखणदार दुरून बघत होता; मुलगा कुणाशी भांडतोय असं त्याला वाटलं असेल. बरोबर वाटलं.

शेवटी कागद घडी करून खिशात ठेवला. तुम्ही माझ्या दारी आला होतात आणि मी तुम्हाला उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं. परत येईन म्हणाला होतात. आता यायची पाळी माझी होती, मी आलो. माफ केलं, आपा. कहा-सुना, सगळं.

फोनचं मात्र माझंच बरोबर होतं.